पहिला पडलेला दात : आईवडिलांच्या एका लहानशा आनंदाचा मोठा इतिहास

१/
१३ सप्टेंबर १८४७. स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखात, लॅगन सरोवराच्या काठी आर्डव्हेरिकी येथे राणी व्हिक्टोरियाचे कुटुंब मुक्कामाला होते. थोरली राजकन्या व्हिक्टोरिया हिला सातवे वर्ष पूर्ण होण्यास दोन महिने उरले होते आणि तिचा दुधाचा दात हलू लागला होता. त्या दिवशी तो दात तिच्या वडिलांनी, प्रिन्स आल्बर्ट यांनी, स्वतःच्या हाताने काढला. साम्राज्याच्या कारभारात या घटनेला काडीचेही महत्त्व नव्हते. तरीही ती तारीख आज पावणेदोनशे वर्षांनंतर ठाऊक आहे, कारण ती सोन्यावर कोरून ठेवली गेली.

२/
आल्बर्ट यांनी त्या दाताचा एक ब्रोच घडवून घेतला. सोने आणि मीनाकारी यांत घडवलेले थिसलचे, म्हणजे स्कॉटलंडच्या राष्ट्रचिन्हाचे काटेरी झुडूप. आणि त्याच्या फुलाच्या जागी लेकीचा दात. पुढे धाकटी राजकन्या बीॲट्रिस हिच्या दुधाच्या दातांचेही फ्युशिया फुलाच्या आकाराचे लोलक आणि कर्णभूषणे झाली. हे दागिने आजही ब्रिटिश राजसंग्रहात आहेत. हिरेमाणकांची वाण नसलेल्या घरात मुलीचा पडलेला दात दागिना का व्हावा? या प्रश्नाचे उत्तर दंतशास्त्रापेक्षा इतिहासात अधिक सापडते.

३/
आधी दातांविषयी थोडेसे. मुलाला दुधाचे दात २० असतात. साधारण सहाव्या-सातव्या वर्षी खालचे पुढचे दात हलू लागतात आणि बाराव्या वर्षापर्यंत एकेक करून सगळे पडतात. याच सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ गुपचूप उगवते. तेव्हा दात पडणे ही मुलाच्या वाढीतली अशी पहिली ठळक खूण, जी मूल स्वतः अनुभवते, हातात धरते आणि धावत जाऊन दाखवते. पहिला दात येतो तेव्हा आनंद फक्त आईबापांचा असतो. तो पडतो तेव्हा मूलही त्या आनंदात वाटेकरी असते.

४/
पण सहा-सात हे वय जुन्या जगात निव्वळ वाढीचा टप्पा नव्हते. लंडनचा व्यापारी जॉन ग्राँट याने १६६२ साली शहरातील मृत्यूंच्या साप्ताहिक याद्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. लोकसंख्याशास्त्राचा आरंभ अनेकदा या ग्रंथापासून मानला जातो. त्याने अंदाज बांधला की जन्मलेल्या दर १०० जीवांपैकी ३६ सहा वर्षांच्या आतच दगावतात. ग्राँटने आपल्या गणिताची पहिली रेघ सहाव्या वर्षावर ओढली. त्याच वर्षी मुलांचे दात पडू लागतात. ज्या घरात हलणारा दात दिसला, ते घर त्या रेघेच्या पलीकडे पोहोचलेले होते.

५/
त्याच याद्यांत मृत्यूच्या कारणांमध्ये 'दात आणि जंत' असे एक सदर आहे. वीस वर्षांतील सुमारे २,२९,००० मृत्यूंपैकी ७१,००० हून अधिक मृत्यू ग्राँटने लहान मुलांच्या आजारांत मोजले. त्यांत आकडी, मुडदूस, दात आणि जंत ही कारणे होती. दात येण्याच्या वयात मूल आईच्या दुधावरून वरच्या अन्नपाण्याकडे वळते. अतिसार आणि ताप त्याच काळात गाठतात. समोर दिसत मात्र होता तो हिरडीतून वर येणारा दात. म्हणून आळ दातावर आला.

६/
हा आळ मुलांना फार महाग पडला. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्र्वाझ पारे याने एका सरदाराच्या आठ महिन्यांच्या मृत बालकाची हिरडी चिरून पाहिली, आत दात वर येण्याच्या बेतात दिसले आणि हिरडी वेळीच चिरली असती तर मूल वाचले असते, असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे कित्येक पिढ्या वैद्य मुलांच्या हिरड्या चिरत राहिले. दात येताना द्यावयाच्या पाऱ्यायुक्त पावडरी इंग्लंडमध्ये थेट १९५४ पर्यंत विकल्या जात होत्या. म्हणजे दात येणे ही भीतीची घटका होती. दात पडणे ही त्या भीतीतून सुटल्याची.

७/
भारतीय परंपरेतही दाताविषयीची ही दुहेरी भावना फार जुनी आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडात बालकाच्या पहिल्या दोन दातांसाठी एक छोटे सूक्त आहे. त्यात त्या दातांना वाघांची उपमा दिली आहे. त्यांनी आईवडिलांना इजा करू नये, तांदूळ, जव, उडीद आणि तीळ खावेत, अशी विनवणी केली आहे. ज्या मुलाचे वरचे दात आधी येत, त्याच्यासाठी करावयाच्या शांतीशी हे सूक्त जोडले गेले. दोन इवले दात आणि त्यांच्यासमोर हात जोडून उभे असलेले घर, असे हे दृश्य आहे.

८/
बालरोगांना वाहिलेल्या 'काश्यपसंहिते'त दातांच्या जन्मावर स्वतंत्र अध्याय आहे. नेपाळचे राजगुरू हेमराज शर्मा यांच्या संग्रहातील ताडपत्री पोथीवरून हा ग्रंथ १९३८ साली छापला गेला. तो सांगतो की माणसाच्या ३२ दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि उरलेले 'द्विज' असतात, म्हणजे दोनदा जन्मतात. आजच्या गणनेप्रमाणे दोनदा उगवणारे दात २४ नसून २० आहेत. पण नाव अचूक आहे. संस्कृतात द्विज म्हणजे दात, अंड्यातून पुन्हा जन्मणारा पक्षी आणि उपनयनाने दुसरा जन्म मिळवणारा माणूसही. एका शब्दाने तिघांना एकाच धाग्यात ओवले आहे.

९/
मात्र दातांचा सर्वांत कठोर हिशेब धर्मशास्त्राच्या सुतकप्रकरणात आढळतो. याज्ञवल्क्यस्मृतीनुसार दात येण्यापूर्वी मूल गेले तर शुद्धी तत्काळ. जावळ काढण्यापूर्वी गेले तर एक रात्र. मुंजीपूर्वी गेले तर तीन रात्री. त्यानंतर मात्र दहा रात्री. दोन वर्षांखालील मुलाचा दाह न करता त्याला पुरावे, असेही ही स्मृती सांगते. मूल जितके वाढले तितके सुतक वाढले. दात हे या मोजपट्टीवरचे पहिले माप होते.

१०/
हजारो मैल दूर रोममध्येही अशीच रीत होती. इ. स. ७९ मध्ये मृत्यू पावलेला रोमन लेखक प्लिनी आपल्या निसर्गविषयक ग्रंथात नोंदवतो की दात आलेले नसतील तर मुलाचे दहन करण्याची प्रथा नाही. हाच प्लिनी दुसऱ्या एका ठिकाणी सांगतो की मुलाचा पहिला पडलेला दात जमिनीला लागू न देता कड्यात बसवून दंडावर बांधला तर स्त्रियांच्या दुखण्यांवर तो गुणकारी ठरतो. न आलेला दात मुलाला चितेचा मान नाकारतो आणि पडलेला दात ताईत होतो. आल्बर्ट यांच्या ब्रोचचे हे फार दूरचे पूर्वज म्हणावे लागतील.

११/
ग्रीकांनी या वयाला आकडा दिला : सात. अथेन्सचा कायदेपंडित सोलोन याने माणसाच्या आयुष्याचे सात-सात वर्षांचे दहा भाग केले आणि पहिल्या भागाची अखेर दात पडण्याने सांगितली. हिपोक्रेटिसच्या परंपरेतील एका वैद्यकीय ग्रंथात असे मानले आहे की पहिले दात गर्भातील पोषणातून आणि नंतर दुधातून बनतात. सातव्या वर्षी ते पडतात आणि पुढचे दात अन्नातून येतात. मराठीतही ते दुधाचेच दात. आईच्या दुधाने घडवलेले काहीतरी मुलाच्या तळहातावर परत येते, ही कल्पना या नावात आजही जिवंत आहे.

१२/
त्या दाताचे करायचे काय, याची उत्तरे लोकरीतीत सर्वत्र मिळतीजुळती आहेत. महाराष्ट्रात कोणी तो कौलारू छपरावर फेकतो, कोणी तुळशीच्या मुळाशी पुरतो, कोणी उंदराच्या बिळात टाकतो आणि बदल्यात नवा, बळकट दात मागतो. युरोपच्या अनेक भागांतही मागणे उंदराकडेच आहे. कारण उघड आहे : उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात. षोडश संस्कारांत दात पडण्याचा संस्कार नाही. त्यासाठी भटजी लागत नाही, मुहूर्त लागत नाही. आजी, नातवंड आणि छप्पर एवढ्यावर हा विधी पार पडतो.

१३/
आता पुन्हा इंग्लंडकडे. १८३३ च्या कारखाना कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी घातली आणि ९ ते १३ वयाच्या मुलांसाठी आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आणली. पण मूल नऊ वर्षांचे आहे हे ठरवायचे कसे? सरकारी जन्मनोंदणी १ जुलै १८३७ पासून सुरू झाली. त्याआधी जन्मलेल्यांचा दाखला मिळणे कठीण. वैद्य मुलाच्या उंचीवरून आणि अंगलटीवरून दाखला देत. मजुरीवाचून चूल पेटत नसलेले आईबाप वय वाढवून सांगत आणि मालकही खोलात जात नसत.

१४/
१८३७ साली एडविन सॉन्डर्स या तरुण दंतवैद्याने कारखान्यातील मुलांसंदर्भात दात ही वयाची कसोटी कशी ठरते, यावर संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या सदस्यांना उद्देशून एक पुस्तिका लिहिली. हजाराहून अधिक मुलांचे दात त्याने तपासले होते. त्याचा मुद्दा सरळ होता : उपासमारीने उंची खुंटते, आईबापांची जीभ खोटे बोलते, दात मात्र आपल्या क्रमाने येतात. नवव्या वर्षाच्या सुमारास पुढचे आठ आणि चार दाढा असे बारा कायमचे दात दिसले पाहिजेत. तेराव्या वर्षाच्या सुमारास अठ्ठावीस.

१५/
या पुस्तिकेने त्या काळाचे एक विदारक सत्य उघड केले. सुखवस्तू घरात हलणारा दात म्हणजे कौतुक. गिरणीच्या वस्तीत तोच दात म्हणजे मूल कमावते होण्याची घटका जवळ आल्याची खूण. मुलाच्या तोंडातील खिंड पाहून आईला आनंद झाला नसेल असे नव्हे. पण त्या आनंदाला लगेच मजुरीचा हिशेब चिकटलेला होता. फ्रेडरिक एंगल्सने १८४५ च्या आपल्या ग्रंथात मँचेस्टरच्या श्रमिकांची ५७ टक्क्यांहून अधिक मुले पाचव्या वर्षाआधीच मरतात, असे नोंदवले आहे. उरलेल्यांचे दात मग वयाच्या दाखल्यासाठी मोजले जायचे.

१६/
आणि हाच सॉन्डर्स १८४६ मध्ये राणी व्हिक्टोरियाचा दंतवैद्य नेमला गेला. सुमारे चाळीस वर्षे त्याने राजघराण्याची सेवा केली. १८८३ मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. आर्डव्हेरिकी येथे राजकन्येचा दात निघाला तेव्हा तिच्या घराचा दंतवैद्य तोच होता, ज्याने दहा वर्षांपूर्वी गिरणीत पाठवल्या जाणाऱ्या मुलांसाठी दातांची कसोटी मांडली होती. एकाच देशात, एकाच माणसाच्या नजरेसमोर, दुधाच्या दाताचे हे दोन अर्थ शेजारी शेजारी नांदत होते.

१७/
हा प्रश्न लवकरच मुंबईच्या गिरण्यांपर्यंत पोहोचला. सोराबजी शापूरजी बंगाली यांच्यासारख्यांनी कायद्यासाठी पाठपुरावा केला आणि १८८१ मध्ये हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा झाला. त्यात कामावर ठेवण्याचे किमान वय होते सात वर्षे. सात ते बारा वयाच्या मुलांसाठी कामाची मर्यादा होती दिवसाला नऊ तास. म्हणजे समोरचे दात पडलेले बोळके मूल कायद्याने मजूर होऊ शकत होते. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये गिरणीकामगारांना संघटित केले. १८९१ च्या सुधारणेने किमान वय नऊवर आणि १९२२ मध्ये बारावर गेले. बारा म्हणजे दुधाचे शेवटचे दात पडण्याचे वय, हा योगायोग असला तरी बोलका आहे.

१८/
एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माद्रिदच्या राजवाड्यात या दोन्ही अर्थांची गाठ एका गोष्टीत पडली. स्पेनचा राजा बारावा आल्फोन्सो नोव्हेंबर १८८५ मध्ये क्षयाने वारला. त्याचा मुलगा तेरावा आल्फोन्सो मे १८८६ मध्ये जन्मला, तो राजा म्हणूनच. कारभार पाहणारी त्याची आई मारिया क्रिस्तिना हिने हा मुलगा जपून वाढवला; १८९० च्या आरंभी तो गंभीर आजारीही पडला होता. त्या वर्षांतील स्पॅनिश नाण्यांवर त्याची वाढ दिसते : आधी तान्हे डोके, मग कुरळ्या जावळाचे मूल, मग केस वळवलेला मुलगा. सारे राज्य एका मुलाच्या वाढण्याकडे डोळे लावून बसले होते.

१९/
१८९४ मध्ये, राजा आठ वर्षांचा असताना, जेझुइट लेखक लुईस कोलोमा याने त्याच्यासाठी एक गोष्ट लिहिली. तिच्यातल्या बालराजाचे नाव 'बुबी', जे आईचे मुलासाठीचे लाडके नाव होते. बुबीचा दात पडतो; तो उशाखाली ठेवतो; रात्री पेरेस नावाचा उंदीर येतो. गवती हॅट, सोनेरी चष्मा आणि पाठीवर लाल पिशवी असा त्याचा थाट. तो माद्रिदच्या आरेनाल रस्त्यावरील एका दुकानात बिस्किटांच्या डब्यात कुटुंबासह राहतो. बुबी स्वतः उंदीर होऊन त्याच्याबरोबर शहरभर फिरतो आणि एका पोटमाळ्यावर पोहोचतो.

२०/
तेथे गिलितो नावाचा गरीब मुलगा थंडीत झोपलेला असतो. त्याचाही दात पडला आहे. पेरेस त्याच्या उशाखाली नाणे ठेवतो, आणि बालराजाला कळते की या मुलाचे आणि आपले नाते भावाचे आहे. राजाचा दात आणि भुकेल्या मुलाचा दात एकच उंदीर, एकाच रात्री नेतो. कोलोमाची ही गोष्ट १९०२ मध्ये छापली गेली, आणि स्पॅनिश भाषक मुलांच्या उशाखाली आजही पेरेसच येतो. आरेनाल रस्त्यावर ८ क्रमांकाच्या इमारतीवर त्याच्या नावाची पाटी आहे. इंग्रजी जगातील 'टूथ फेअरी', म्हणजे दातांची परी, तशी तरुण आहे. तिचा छापील उल्लेख १९०८ सालच्या शिकागोच्या एका वृत्तपत्रात सापडतो.

२१/
विसाव्या शतकाच्या मध्यावर पडलेल्या दाताने आणखी एक साक्ष दिली. अणुचाचण्यांतून निघणारे स्ट्रॉन्शियम-९० पावसाबरोबर गवतावर, गवतातून गाईच्या दुधात आणि दुधातून मुलांच्या हाडांत आणि दातांत जाते, कारण शरीर त्याला कॅल्शियमसारखेच वागवते. दुधाच्या दातांचा वरचा भाग गर्भात आणि पहिल्या वर्षात घडतो; म्हणून सातव्या वर्षी पडलेला दात जन्मवेळच्या दुधाचा पुरावा असतो. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात डॉ. लुईज रीस, बॅरी कॉमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ च्या अखेरीस हे दात गोळा करण्याची मोहीम सुरू केली.

२२/
घराघरांतून आया दात पाठवू लागल्या. सोबतच्या कार्डावर मुलाची जन्मतारीख, जन्मगाव, आईचे दूध किती काळ पाजले हे लिहिलेले असे. दात देणाऱ्या मुलाला विज्ञानाला दात दिल्याचा बिल्ला मिळे. सुमारे तीन लाख दात जमले. १९६१ मध्ये पहिले निष्कर्ष प्रसिद्ध झाले : चाचण्या वाढल्या तसे दातांतील स्ट्रॉन्शियम वाढले होते. ऑगस्ट १९६३ मध्ये वातावरणातील, अवकाशातील आणि पाण्याखालील अणुचाचण्यांवर बंदी घालणारा करार मॉस्कोत झाला. त्यामागे कारणे अनेक होती, पण आईबापांनी दिलेली ही चिमुकली साक्ष त्यांत होती.

२३/
इतक्या वाटा फिरून आल्यावर त्या लहानशा आनंदाचा अर्थ स्पष्ट होतो. हलणारा दात पाहून आईबापांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, त्यात कित्येक पिढ्यांचा सुटकेचा निःश्वास आहे : मूल जगले, त्या रेघेच्या पलीकडे आले. २०२० च्या नमुना नोंदणी पाहणीनुसार त्या वर्षी भारतात दर हजारी ३२ मुले पाच वर्षांच्या आत दगावत होती. ग्राँटच्या लंडनमध्ये सहा वर्षांच्या आत हा आकडा हजारी ३६० होता. भीती ओसरली म्हणून आज दात पडणे हा केवळ खेळ वाटू शकतो. पण ज्या ३२ घरांत तो दात हलण्याचा दिवस उजाडलाच नाही, त्यांच्यासाठी इतिहास अजून जुनाच आहे.

२४/
राजकन्येचा तो दात अजून सोन्याच्या थिसलवर आहे. सॉन्डर्सने तपासलेल्या हजारभर मुलांपैकी कोणाचा दात कोठे जपलेला नाही. उरले आहेत फक्त आकडे. पण त्या मुलांचे दातही कधीतरी संध्याकाळी हलले असतील, कोणीतरी ते बोटाने चाचपून पाहिले असतील, आणि दात हातात आल्यावर बोळक्या तोंडाने कोणीतरी आईकडे धावले असेल. कायद्याने वयाची अट वाढवत नेली ती यासाठी, की त्या धावण्याच्या शेवटी मजुरीचा हिशेब नसावा. छपरावर दात फेकणाऱ्या प्रत्येक घराला, कळत नकळत, तेवढा आनंद त्या लढ्यातून मिळालेला आहे.

(धागा समाप्त)